शेठची शिंक

१२ नोव्हेंबर

चि. पोरीस,

आईचा आशीर्वाद. तू बरी असशील. मीही बरी आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

त्या सकाळी मी दारात पाणी मारून गिऱ्हाइकांचे डबे ओळीने लावत होते. कोणती सकाळ विचारशील तर खास कोणतीच नाही, तू शाळेत होतीस तेव्हाची एक. गव्हाचे डबे भिंतीकडे, ज्वारीचे दाराकडे. तू एका हातात दुधाचा पेला धरून दुसऱ्या हाताने वेणी ओढत होतीस, कारण मी ती घट्ट घातली होती. तुझ्या बाबांनी मोटरीवर पट्टा चढवला, कळ दाबली, दगड फिरला, आणि पहिल्या पिठाचा भपका उठला. आधी बाबा शिंकले, मग मी, मग तू दुधासकट. सगळ्यांचं झाल्यावर बाकड्याखालून शेठ शिंकला. बाबा म्हणाले, "काय शेठ, आज उशिरा उठलात?"

हे सगळं आठवायचं कारण आहे. गिरणीवाल्याच्या घरात शिंक कुणी ऐकत नाही. रुळाशेजारच्या घरात गाडी ऐकू येत नाही, तसं. लग्न होऊन आले तेव्हा मी दिवसभर शिंकायचे आणि सासूबाई वर बघायच्यासुद्धा नाहीत. पुढे मीही तशीच झाले.

कुत्र्याचं हे पिल्लू तू पोत्यांमागून उचलून आणलंस, तेव्हा तो तुझ्या ओंजळीत मावत होता. थोडा मोठा झाला आणि बाबांच्या खुर्चीवर चढून गिऱ्हाइकांकडे बघत बसायला लागला, म्हणून शेठ. आता तो खुर्चीवर चढत नाही. खुर्ची रिकामी असते तरी चढत नाही.

फोनवर मी तुला हे सांगत नाही, कारण फोनवर तू विचारतेस "शेठ कसा आहे?" आणि मी म्हणते "मजेत". माझ्या जिभेला तसं वळणच पडलंय. मागच्या रविवारी काय झालं आठव.

तू म्हणालीस, "आई, मागे कोण शिंकतंय?"

मी म्हणाले, "मीच."

"अगं, तू माझ्याशी बोलतेयस ना? बोलता बोलता कशी शिंकशील?"

"मग शेजारचा शिंपी असेल."

तू हसलीस. तो शेठ होता. पोरी, बाबा गेल्यापासून गिरणी बंद आहे. घरात पीठ उडत नाही. मग तो का शिंकतो, हा प्रश्न मला तुझ्या हसण्यानंतर पडला. त्याआधी कधीपासून शिंकत होता, मला खरंच सांगता येत नाही. मी ऐकलंच नव्हतं.

वाचनालयात गेले. ग्रंथपाल बाई ओळखीच्या आहेत. डब्यांवरच्या चिठ्ठ्यांतली नावं लावत लावत मी वाचायला शिकले, हे त्यांना कौतुकाचं वाटतं आणि येईल त्याला त्या ते सांगतात. म्हणाल्या, "कुत्र्यावरचं पुस्तक गोष्टींचं देऊ की आजारांचं?"

"आजारांचं द्या. गोष्ट घरी आहे."

पुस्तकात म्हाताऱ्या कुत्र्याच्या शिंकेची बरीच कारणं होती. धूळ, धूर, अत्तराचा किंवा साबणाचा उग्र वास. नाकात अडकलेलं गवताचं कुसळ. नाकात राहणारे बारीक किडे. बुरशी. वरच्या दाताचं मूळ सडून नाकापर्यंत पडलेलं भोक. त्याखाली आणखी एक, शेवटचं कारण होतं, ते मी इथे लिहीत नाही; ते वाचलं आणि मी पान उलटलं. मग भाजी निवडावी तसं मी त्यातलं एक निवडलं. खरं कोणतं ते मला माहीत नव्हतं. मला पेलेल असं निवडलं. धूळ.

गिरणी बंद असली तरी पीठ होतंच ना. दगडाच्या खाचांत, चाळणीत, पट्ट्याच्या आतल्या बाजूला, पीठ ज्यातून खाली पडतं त्या कापडी नळीत. बाबांनी दळलेलं शेवटचं पीठ. मी ते कुणाला हात लावू दिलं नव्हतं. झाडू घेऊन जायचे आणि नुसती दारात उभी राहून परत यायचे. तू मला एकदा विचारलंस की आई, गिरणी एवढी पांढरी कशी अजून, तेव्हा मी कंबर दुखते म्हणाले होते.

पण शेठ तिथेच झोपतो. म्हणून मी सगळं काढलं. नळी उसवून भिजवली. चाळणी, पट्टा, भिंती, खिडकीची जाळी, बाकड्याखालची फरशी. मोरीत पाण्याबरोबर पिठाची खळ झाली आणि मोरी तुंबली. मी हात घालून ती खळ काढली. पांढरी, चिकट. बोटांमध्ये धरून बसले होते थोडा वेळ.

शेजारून शिंपी ओरडला, "वहिनी, गिरणी धुताय की तिचं लग्न लावताय?"

मी म्हणाले, "तुमच्याकडे हळद मागायला येणारच होते."

तो हसला, मीही हसले. मग आत आले. गिरणी इतकी स्वच्छ झाली होती की कुणाचीही असावी. शेठ आत आला, ओल्या फरशीवर बसला, आणि शिंकला. परत शिंकला. धुतलेल्या फरशीवर रक्ताचे थेंब पडले.

धुतलं नसतं तर ते पिठात मुरले असते, मला दिसलेही नसते.

म्हणून लिहितेय. उद्या त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेणार आहे. शिंपी उचलायला येतो म्हणालाय. पुढचं कळवते. तू जेवत जा.

तुझी,
आई


२६ नोव्हेंबर

पोरी,

मागचं पत्र मिळालं की नाही माहीत नाही. तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी उचलले नाहीत. रागावू नकोस. "मजेत" म्हणायची भीती वाटली.

डॉक्टरीण तरुण आहे, तुझ्याएवढी असेल. शेठला टेबलावर न घेता ती स्वतः जमिनीवर बसली, ते मला बरं वाटलं. तिने एक आरसा त्याच्या नाकाशी धरला. आरशावर वाफेचा एकच डाग उमटला, एकाच नाकपुडीचा.

"मावशी, रक्त कुठून येतं?"

"डावीकडून."

"नेहमी डावीकडूनच?"

"हो."

"धुळीने शिंका आल्या तर त्या दोन्ही बाजूंच्या असतात," ती म्हणाली. "पाणी येतं, रक्त सहसा येत नाही. एकाच बाजूने रक्त आणि एवढं वय, म्हणजे एक तर दात, नाहीतर आत काहीतरी आहे."

मी म्हणाले, "मग मी गिरणी उगाच धुतली."

तिला ते कळलं नाही. ती म्हणाली, "स्वच्छता चांगलीच असते, मावशी."

भूल दिल्याशिवाय दात आणि नाक नीट बघता येत नाही. त्याच्या हृदयाचा आवाजही फारसा चांगला नव्हता, तेही तिने लपवलं नाही. मी हो म्हणाले. बाहेरच्या बाकावर बसले. पोरी, कुणाचा दात किडलेला निघावा म्हणून जीव मुठीत धरून बसायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. किडू दे, सडू दे, चार काढावे लागू देत, मी त्याला पेज भरवीन, असं मनातल्या मनात घोकत होते. शिंपी शेजारी बसून पेंगत होता, त्याला मी दोनदा कोपराने ढोसलं, की हा झोपला तर अपशकुन होईल. मी असलं काही मानत नाही. तरी ढोसलं.

ती बाहेर आली. तोंडावरचं फडकं खाली ओढून म्हणाली, "मावशी, दात चांगले आहेत. वयाच्या मानाने फारच छान आहेत."

एवढं चांगलं बोलणं मी इतकं वाईट कधी ऐकलं नव्हतं.

मग तिने सांगितलं. नाकात गाठ आहे. मागे डोळ्याच्या बाजूपर्यंत गेली आहे. या वयात, या हृदयाला, त्यावर करण्यासारखं काही नाही. औषधाने दुखणं थोडं कमी होईल. मग ती माझ्यासमोर उकिडवी बसली, शेठसमोर बसली होती तशीच.

"आत्ता तो गाढ झोपलाय. त्याला काहीही कळत नाहीये. तुम्ही म्हणालात तर उठवते. नाहीतर या झोपेतच..."

"उठवा," मी म्हणाले. तिचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही.

हेच मला तुला सांगायचं होतं आणि दोन पानं झाली तरी मी इकडचं तिकडचंच लिहितेय. मी त्याला त्याच्यासाठी उठवलं नाही. त्याला काय, तो सुखात झोपला होता. मी माझ्यासाठी उठवलं.

तू मागच्या वर्षी म्हणालीस, गिरणी विकून टाक आणि माझ्याकडे ये. मी काय म्हणाले? "आणि शेठला कुठे ठेवू? तुझ्या इमारतीत कुत्री चालत नाहीत." तू चिडलीस. म्हणालीस, माझ्यापेक्षा तुला कुत्रा जवळचा. मी तुला तसंच समजू दिलं, कारण ते सोपं होतं. खरं असं, की तुझ्याकडे येऊन मी दिवसभर काय करीन, याची मला भीती वाटत होती, आणि शेठ दारात आडवा पडला की ती भीती झाकली जायची. त्यानंतर तू परत विचारलं नाहीस. मी दर रविवारी वाट बघते की आज विचारशील. विचारलंस तर परत शेठचंच नाव सांगणार होते, तरी वाट बघते. असं कसं, ते मला विचारू नकोस.

घरी आणल्यावर पहिले दोन-चार दिवस बरे गेले. मग त्याने खाणं सोडलं. तोंडापाशी वाटी नेली तरी बघायचा नाही, कारण त्याला वासच येत नव्हता. मी बोटाने त्याच्या जिभेला लावायचे तेव्हा त्याला कळायचं की हे अन्न आहे. डोळे तर आधीच अंधुक झालेले. डाव्या डोळ्याखाली सूज आली. तोंड उघडं टाकून श्वास घ्यायचा आणि त्याचा आवाज घरभर व्हायचा. तो आवाज मात्र मला एक क्षणही ऐकू यायचा थांबला नाही.

परवा दुपारी मी चुलीपाशी होते. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मान इकडे वळवायचा, तिकडे वळवायचा, नाक वर धरायचा. मला वाटलं बाहेर जायचंय. म्हटलं, "काय शेठ?" कानांनीही कमी ऐकू यायला लागलं होतं, त्याला कळलं नाही. तो परत गिरणीत गेला, बाकड्याखाली बघितलं, खुर्चीपाशी गेला, परत दारात आला. मग माझ्या लक्षात आलं. तो मला शोधत होता. मी त्याच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि तो मला शोधत होता.

मी खाली बसून त्याच्या अंगावर हात ठेवला, तेव्हा त्याने सगळं अंग माझ्यावर टाकलं. हात काढला की परत मान फिरवून शोधायला लागायचा. मी हात काढलाच नाही. चुलीवरचं करपलं.

सोबत हवी म्हणून मी त्याला उठवलं, आणि मी त्याला सापडेनाशी झाले.

पोरी, मी कधी तुझ्याकडे काही मागितलं नाही, असं मी चारचौघांत अभिमानाने सांगते. आता मागते. तू ये, नाहीतर मला बोलव. दोन्हींतलं काहीही कर, पण काहीतरी कर. तुझ्या त्या दोन खोल्यांत मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसेन. नाहीतर तू इथे ये, चार दिवस ये, आणि माझ्याशी भांड. बाबा गेल्यावर तू म्हणाली होतीस की आई, तू रडत का नाहीस. मला रडायला समोर कुणीतरी लागतं गं. भिंतीसमोर जमत नाही, मी बघितलंय करून.

परवा दुपारीच शिंप्याला सांगून डॉक्टरणीला निरोप धाडला, की तेव्हा मी नको म्हटलं ते आता करा. ती म्हणाली, उद्या सकाळी घरी येते, त्याला कुठे हलवू नका.

काल सकाळी ती आली. मी गिरणीच्या दारात फरशीवर बसले, शेठचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हात त्याच्या अंगावर ठेवले. तिचं काम संपलं, ती पिशवी आवरून गेली, त्यानंतरही बराच वेळ मी हात काढले नाहीत.

वाट बघणारी,
तुझी आई