तुझे केस मी लावले

प्रिय धनेश,

पत्राची रीत म्हणून 'प्रिय' लिहिलंय, मनावर घेऊ नकोस. साखरपुडा झाला तेव्हा मी तुला 'तुम्ही' म्हणायचे. सोळा वर्षांनी 'तू' म्हणतेय, आणि लिहिताना हाताला जरासुद्धा जड जात नाहीये.

मी मेघाली, नवशा भोईरांची मुलगी. गेल्या महिन्यात, मंगळवारी, धामणकर नाक्यावरच्या क्लिनिकमध्ये जिने सात तास उभं राहून तुझ्या डोक्यावर एकेक केस लावला, ती मीच. टोपी, मास्क आणि हातमोजे असल्यामुळे तुला फक्त माझे डोळे दिसत होते. डोळ्यांकडे तू तेव्हाही कधी नीट पाहिलं नव्हतंस.

आमच्या क्लिनिकला मागच्या गल्लीतूनही एक जिना आहे. पुढे साड्यांचं दुकान आहे, मागे लूमचे कारखाने. बायका पुढच्या दाराने येतात, तुम्ही पुरुष मागच्या जिन्याने. सहा वर्षांत मी किती बघितले म्हणून सांगू! लग्न ठरलं म्हणून हनुवटी टोकदार करून मागणारा नवरदेव. जिममध्ये शर्ट काढायची लाज वाटते म्हणून छातीची चरबी काढून घेणारा, आणि आईला मात्र अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगितलेला. पन्नाशीचा एक गोडाऊनवाला डोळ्यांखालच्या पिशव्या काढून गेला, आणि आठ दिवसांनी मिशा काळ्या करून पुन्हा आरशासमोर हजर. सुई टोचली की यातले निम्मे तरी 'आई गं' म्हणतात. बायका बाळंतपण सोसून येतात आणि गप्प पडून राहतात. मी यांच्यावर कधी मोठ्याने हसले नाही, कारण पगार घेते. घरी जाऊन मात्र हसते.

तुझं नाव कागदावर वाचलं तेव्हा वाटलं, सुट्टी घ्यावी. मग म्हटलं, का घ्यावी? काम माझं आहे. तुझ्या डोक्यामागचे दोन हजार चारशे केस मुळासकट काढले गेले, आणि मी ते समोरच्या टकलावर लावत राहिले. तू भूल दिलेल्या जागेवर हात लावून बघायला धडपडत होतास आणि अखंड बोलत होतास. गाळे किती, भाडेकरू कोण, गाडी कुठली. तेवढ्यात डॉक्टरांनी सहज विचारलं, लग्नात केस होते का? तू हसलास आणि म्हणालास, "भरपूर होते. त्या जोरावर तर गाल भाजलेली एक पोरगी गळ्यात पडता पडता वाचलो."

माझ्या चिमट्यात तुझा केस होता. तो मी लावला. सरळ लावला. वाकडा लावायला एक क्षण पुरला असता, आणि तू आयुष्यभर भांग पाडताना विचार करत बसला असतास. पण माझं काम तुझ्या लायकीचं करायचं मला जमलं नाही.

गाल कसा भाजला, हे तू कधी विचारलं नाहीस. वडील सायझिंगमध्ये, सुताला कांजी देण्याच्या कामावर होते. मी सहा वर्षांची होते. त्यांचा डबा घेऊन गेले आणि उकळती कांजी अंगावर आली. तुम्ही बघायला आलात तेव्हा हा गाल होताच, तुम्ही बघूनच सुपारी फोडली होती. पुढे तुमची जमीन गोडाऊनला गेली, हातात पैसा आला, आणि महिन्याभरात तुझी मावशी निरोप घेऊन आली. तू आला नाहीस. आई दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "पोराच्या तोंडून ऐकलं असतं तर बरं झालं असतं. त्याला तोंड न्हाय का?" मी तेव्हा रडले. तू गेलास म्हणून रडले, असं वर्षभर वाटत होतं. नंतर कळलं, मावशीसमोर आईची मान खाली गेली म्हणून रडले होते.

दुपारी तुला जेवायला सोडलं आणि मी बाहेर माझा डबा उघडला. बाकावर तुझी मुलगी रुचिका बसलेली होती. बायको माहेरी आणि शाळेला सुट्टी, म्हणून तू तिला सोबत आणलेलं. मी मास्क काढला. तिने माझ्या गालाकडे बघितलं आणि विचारलं, दुखतं का? इतक्या वर्षांत इतकं साधं मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आता नाही. तिला अर्धी भाकरी दिली. ती खाता खाता हळूच म्हणाली, नाकाचं ऑपरेशन कितव्या वर्षी करता येतं? तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना काळपट वळ होते. आधी वाटलं, चष्म्याचे असतील. मग तिनेच सांगितलं. अभ्यासाला बसली की ती नाकाला कपड्यांचा चिमटा लावते, धनेश. बारीक व्हावं म्हणून. रोज तासभर, तोंडाने श्वास घेत.

मी विचारलं, कोण काही बोलतं का? ती म्हणाली, "पप्पा बोलत नाहीत काही. फक्त फोटो काढताना मला कडेला उभं करतात. कापता येतं ना मग."

तेरा वर्षांची पोर हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. तिला ते रास्त वाटत होतं.

जेवणानंतर उरलेले सहाशे केस मी कसे लावले, मला आठवत नाही. तुझा चेहरा मात्र पहिल्यांदाच नीट बघितला, उलटा, वरून. तिचं नाक तुझं आहे. हौसाकाकूंचं, म्हणजे तुझ्या आईचंही तेच. त्या नाकाने काकू अख्ख्या राहनाळ गावात ताठ वावरल्या, तूही वावरलास. पोरीच्या तोंडावर आलं तेव्हा ते तुला खुपायला लागलं.

मी हे पत्र कधीच लिहिलं नसतं. सोळा वर्षं लिहिलं नाही, तुझ्या त्या 'वाचलो'वरही लिहिलं नसतं. पण काल वहीत पुढच्या सोमवारच्या वेळा बघितल्या. तुझी तपासणी अकराला आहे आणि खाली लिहिलंय, रुचिका, वय तेरा, नाक, सल्ला. डॉक्टरांना म्हटलं, तिला घेऊ नका. ते म्हणाले, बाप आणतोय, आपण कोण सांगणार? म्हणून तुलाच सांगतेय. सोमवारी एकटा ये. त्याआधी तिच्या हातातला चिमटा काढून घे, तिला जवळ बसव आणि हे नाक कुणाचं आहे ते तुझ्या तोंडाने सांग. मावशीला पाठवू नकोस. पेशंटला असं पत्र लिहिलं म्हणून माझी नोकरी जाऊ शकते. हा कागद डॉक्टरांना खुशाल दाखव. फक्त तिला आणू नकोस.

तुझी कुणीही नसलेली,
मेघाली