म्हसावदच्या बाजारातली सात मिनिटं

शहादे,
१७ जानेवारी १९६४

तीर्थस्वरूप भाऊस,
धाकट्या धनूचा साष्टांग नमस्कार.

"तुला काही ऐकू आलं नाही, धनू." हे तू मला सत्तावीस वर्षांपूर्वी आपल्या ओसरीवर म्हणाला होतास. आज पत्र लिहायला बसले तर पहिल्यांदा तेच आठवलं, म्हणून तेच लिहून टाकलं. आता रीतीचं लिहिते.

आम्ही सगळे खुशाल आहोत. शोभावहिनीचे गुडघे कसे आहेत? गरम विटेचा शेक देत जा म्हणावं. औंदा केळीला भाव बरा आहे असं ऐकते. रंजना अकरावीत आहे, मार्चमध्ये परीक्षा. फुईनं मागच्या अंगणात मेथीचा वाफा केला आहे. बाबांची ही बहीण अजून एकटी बोलते, पण आता मेथीशी बोलते, आणि मेथी काही तक्रार करत नाही.

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. "तो खेळ बंद कर. बोभाटा होईल." एवढंच. कोणी सांगितलं असेल ते समजलं. म्हसावदच्या बाजारात आपल्या गावची माणसं असणारच.

तर खेळाचं सांगते.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुली दरवर्षी पौराणिक नाटक करतात. यंदा रंजना आणि तिच्या मैत्रिणींनी हट्ट धरला की स्वतः लिहिलेलं करायचं, आणि तेही भीतीचं. भूत नाही, खून नाही. भीती माणसाच्या मनातली. तंबूतल्या सिनेमाला जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाई, पुढच्या सिनेमाचा ट्रेलर दाखवतात तसा आपण नाटकाचा करू. बाजारात दाखवू, लोकांना काय वाटतं ते विचारू, मग नाटक सुधारू." मी वर्गात 'बाई' असते, घरी 'आई'. घरी असते तर नाही म्हणाले असते.

सात मिनिटांचा तुकडा. सुरुवातीला मुलीचा भाऊ आतल्या खोलीला बाहेरून कडी लावतो. मुलीला बघायला पाहुणे आले आहेत. ती चहा देते. आतल्या बंद खोलीतून कोणीतरी दार ठोकतं. पाहुणे विचारतात, "कोण आहे?" मुलीचा भाऊ म्हणतो, "उंदीर असतील." पुन्हा ठोकल्याचा आवाज. मग बाकी सगळे आपापल्या जागी थिजतात आणि ती मुलगी एकटी पुढे येऊन बाजाराला विचारते, "तुम्हाला ऐकू आलं का?" तिथेच सतरंजीचा पडदा पडतो.

तू हे वाचून उठून फेऱ्या मारत असशील. बस जरा. पुढे हसण्यासारखंही आहे.

मुलींनी अभिप्रायाला कागद वाटले होते. वर शाळेचं नाव, खाली तीन प्रश्न: काय आवडलं, कुठे भीती वाटली, काय बदलावं? चाळीस कागद परत आले. लोकांना वाटलं, छापील कागद आहे, म्हणजे अर्ज असणार! 'काय बदलावं' याखाली उदेसिंग नावाच्या गृहस्थांनी लिहिलं, "म्हसावद ते शहादे संध्याकाळची दुसरी गाडी सुरू करावी." एकानं विहिरीला मोट नको, इंजिन हवं असं कळवलं. सहा कागदांवर नुसते अंगठे, म्हणजे जे मागितलं असेल त्याला आमची संमती. रंजना रडकुंडीला आली. मी म्हटलं, "अगं, विश्वास ठेवला त्यांनी तुमच्यावर. आता गाडी सुरू करा."

बायकांनी कागद घेतलेच नाहीत. त्या तोंडानं बोलल्या. मिरच्या विकणारी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दिनना गोष्ट सांगतस का वं पोरीसहो? मामा वाट चुकी ना तुमना!" दुसरी म्हणाली, "आनि अर्धीच सांगी! दार मांगे कोन शे ते सांग, मंगच मी भाजी तोलसू." सगळ्या हसल्या. मीही हसले. रंजना मात्र माझ्याकडे बघत राहिली. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो म्हणतात; तिचा मामा सहा वर्षं या घरी आलेला नाही, आणि त्याला दिवसा सांगितलेली गोष्ट कारण नाही, हे तिला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी मी फुईला इकडे घेऊन आले आणि गाव तुला म्हणालं, 'घरची म्हातारी बहिणीच्या दारात टाकली.' मी तिला प्रेमानं आणलं. बोल तुला लागले. याचा विचार मी तेव्हा केला नाही.

आता जे टाळत होते ते.

फुईची गोष्ट मी रंजनाला गेल्या वर्षी सांगितली. विधवा होऊन परत आलेली, एकटी बोलणारी. मला बघायला पाहुणे आले तेव्हा बाबांनी तिला कोठीघरात बसवायला सांगितलं. मी रंजनाला म्हणाले, "बाहेरून कडी लावली होती." कोणी लावली, ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिनं नाटकात ती कडी भावाच्या हाती दिली. मी तालमी घेतल्या. भाऊ कडी लावतो तिथे त्या मुलीला "हात जरा ठाम ने" असंसुद्धा शिकवलं.

बाजारात फुई आमच्याबरोबर होती, पुढेच गोणपाटावर शेंगा सोलत बसलेली. सगळ्यांना विचारून झाल्यावर रंजना पेन्सिल घेऊन तिच्यापुढे बसली. "फुईआजी, तुला कसं वाटलं?"

"बेस करस ती पोर," फुई म्हणाली. "पन इतला जोरमा कोनी ठोकत ऱ्हात नही. पहिले जोरमा. मंग बोटघाई. मंग नुसता हात ठेवी देतस दारवर." रंजना लिहीत होती. "आनि कडी भाऊनी नही लाई. लावानी येळे बांगड्या वाजन्यात."

पेन्सिल थांबली. रंजनानं वर पाहिलं, फुईकडे नाही, माझ्याकडे. मी म्हटलं, "हो."

फुई शेंगा सोलतच होती. "नव्या बांगड्या व्हत्यात," ती म्हणाली, आणि मग, "या शेंगा खारट शेतस."

भाऊ, बाबांनी 'बसव' म्हटलं होतं, 'कोंड' नाही. मला ते स्थळ हवं होतं. मुलगा शिकलेला होता, मला पुढे शिकवीन म्हणत होता. त्यानं शिकवलं, मी सुखात आहे, आजही आहे. त्या सुखाची कडी मी माझ्या हातानं लावली. आईनं सकाळीच भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या हातात. आणि तू ओसरीवरून मला पाहिलं होतंस. पाहिलं होतंस ना? म्हणून पाहुण्यांसमोर मी पांढरी पडले तेव्हा माझ्या कानाशी येऊन ते वाक्य म्हणालास. इतकी वर्षं मी ते धमकी समजून तुझ्यावर रुसले. तू मला सांभाळत होतास, हे मला म्हसावदच्या बाजारात, गोणपाटावर, चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. पुढेही गावानं कडीचा आळ तुझ्यावर घातला, तू कधी झटकला नाहीस. ते कार्डही माझ्याचसाठी लिहिलंस. बोभाटा माझा होईल म्हणून.

घरी आल्यावर मी फुईला विचारलं, "तुला माहीत होतं, तर माझ्याकडे कशी राहिलीस?" ती म्हणाली, "लेवाले बी तूच उनी ना." न्यायलाही मीच आले होते, एवढंच तिचं म्हणणं; आणि ती मेथीला पाणी घालायला गेली. त्या दिवसापासून मला झोप फार छान लागते. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

खेळ बंद करणार नाही. बदलला आहे. आता कडी मुलगी लावते आणि बांगड्या वाजतात. ठोकणाऱ्या मुलीला फुई स्वतः शिकवते: जोरानं, मग बोटानं, मग नुसता हात. त्या शेवटच्या हाताला आवाज नसतो. तालमीत मुली तिथे आपोआप गप्प होतात.

नाटक २ फेब्रुवारीला, रविवारी दुपारी चारला, शाळेच्या पटांगणात आहे. वहिनीला घेऊन ये. आपल्या गावचेही लोक येतील. नाटक संपल्यावर त्यांतला कोणीतरी तुला नक्की विचारेल, "खरी कडी कोनी लाई व्हती?" तेव्हा भाऊ, सगळ्यांसमोर माझं नाव घे. उंदीर म्हणू नकोस, बाबा म्हणू नकोस, स्वतःवर घेऊ नकोस. तू आजवर माझं काही नाकारलं नाहीस, पण हे नाकारशील, मला पक्कं माहीत आहे. तरी मागते.

तुझ्या पाठीशी आजवर लपलेली,
धनू