चौथ्या लेनची टोपली

अल गराफा, दोहा
१२ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
श्यामचा सा. न. वि. वि.

तुझ्या नियमाप्रमाणे मोठी गोष्ट कागदावर लिहितो आहे. फोनवर तुझ्याशी धड भांडताही येत नाही, तू मधेच ठेवून देतेस. शेजारचे सागर उद्या नाशिकला निघालेत. परतताना त्यांच्याबरोबर मेतकूट दे, आणि गेल्या वेळसारखं त्यांच्या बॅगेत लोणचं सांडू देऊ नकोस.

बातमी अशी की ओवीचे प्रशिक्षक मजीद परवा घरी आले होते. चहा अर्धा ठेवून मुद्द्यावर आले. मेमध्ये इथे आखाती देशांच्या क्रीडास्पर्धा आहेत. एवढासा देश, त्यात मुलींच्या दोनशे मीटरमध्ये सांगण्यासारखं काही नाही. ओवी धावली तर आपला विक्रम होईल, असं ते म्हणाले. आपला म्हणाले, ताई. इतकी वर्षं इथे काढली, पण हा शब्द मला कुणी लावलेला आठवत नाही.

अट एकच. तिने इथला पासपोर्ट घ्यायचा, म्हणजे आपला सोडायचा. ओवीला हवंय. ती इथेच जन्मली, इथल्याच ट्रॅकवर वाढली; नाशिक म्हणजे तिच्यासाठी सुट्टी आणि तू. भैरवी म्हणते, आपल्या पोरीचं ऐका. मला धीर होत नाही. आई गेल्यावर मला तू वाढवलंस, ओवीला सुट्ट्यांत धावायलाही तूच शिकवलंस. तू म्हणशील तसं करीन.

माया आहे तशी राहू दे.
तुझा,
श्याम


नाशिक
२१ ऑक्टोबर २०२५

चि. श्यामास,
अनेक आशीर्वाद.

मेतकूट पाठवलंय. लोणचं पाठवलं नाही, टोमणा पोचला.

आता ऐक. पोर म्हणजे भाड्याची गाडी नव्हे, ज्याने पेट्रोल घातलं त्याची पाटी लावून फिरवायला. उद्या पाय दुखावला आणि त्यांनी पासपोर्ट परत मागितला, तर ती कुठली म्हणायची? त्यांना पदकं हवीत, ती त्यांनी स्वतःच्या मुलींकडून मिळवावीत.

डिसेंबरात राज्याची निवड चाचणी इथेच आहे. ओवीला पाठव. मी जन्मभर शाळेत पोरं पळवली, निवड समितीतले निम्मे लोक माझ्या शिट्टीवर धावलेत. तिला कोण अडवतो बघते. मजीदना सांग, खलास. ओवी दोन दिवस रडेल, मग येईल ठिकाणावर. तीच शिट्टी मी सागरबरोबर तिच्यासाठी पाठवते आहे.

भैरवीला सांग, मी रागावलेली नाही. सगळ्यांना माझी आठवण राहो.
तुझी,
ताई


अल गराफा
३ जानेवारी २०२६

ती. ताईस,
नमस्कार.

ओवी पोचली. धावायचे बूट अजून बॅगेतच आहेत. तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणून काय झालं ते तिच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. ती शिकली इथे, तिच्याकडे तिथल्या शाळेचा दाखला नाही की रहिवासाचा नाही, म्हणून समितीने तिला पाहुणी म्हणून धावू दिलं. ती सगळ्यांच्या पुढे आली, आणि माइकवर पहिली म्हणून तिच्या मागून आलेल्या मुलीचं नाव घेतलं. तुझे विद्यार्थी तुझ्या पाया पडले आणि नियमाला आमचा इलाज नाही म्हणाले.

इकडे मजीदकडे पुन्हा गेलो. त्यांनी बसायला सांगितलं नाही. नोव्हेंबरातच दुसऱ्या देशातून एक मुलगी आणली, ओवीची जागा तिला गेली. पुढच्या वेळी इन्शाल्ला, म्हणाले. इथे राहून त्या शब्दाचा अर्थ केव्हा नाही असा होतो, ते मला कळतं.

तुला दोष देत नाही असं लिहायला बसलो होतो. पण देतो.
श्याम


नाशिक
१४ जानेवारी २०२६

चि. श्यामास,
आशीर्वाद.

दोष दे. कुणावर तरी राग काढायलाच हवा, आणि मी दूर आहे, सोयीची आहे. पण उद्या परत विचारलंस तरी मी हेच सांगीन. आपलं माणूस आपल्याकडे धावावं असं वाटणं हा गुन्हा असेल तर तो मी केला.

पोरांनी नियम दाखवला तेव्हा मी तो दोनदा वाचला आणि कागद त्यांना परत दिला, एवढं खरं. ओवी माझा फोन घेत नाही. तिळगूळ धाडते आहे. तिला म्हणावं, आत्याला चार ओळी लिही.
ताई


अल गराफा
१९ मे २०२६

ती. आत्यास,
ओवीचा शि. सा. न. वि. वि.

बाबा रोज म्हणतात लिही, म्हणून लिहिते आहे. मराठी चुकलं तर लाल पेन काढू नकोस.

मी स्पर्धेत होते. मजीद सरांनी मला स्वयंसेवक केलं. धावण्याआधी मुली ट्रॅकसूट काढून टोपलीत ठेवतात. प्रत्येक लेनला एक टोपली. ती उचलून शर्यत संपते तिथे न्यायची. मला चौथी लेन आली. तिथे ती मुलगी होती, माझ्या जागेवरची. चांगली आहे. जॅकेट घडी करून ठेवलं आणि मला अरबीत शुक्रान, म्हणजे थँक्यू, म्हणाली, मी इथलीच असं समजून.

ती पहिली आली. विक्रमसुद्धा झाला. बोर्डावर वेळ लागली, २४.६१. माझी नाशिकची वेळ तुला पाठ आहे, ती याहून कमी होती; फरक तूच काढ.

मग झेंडा वर गेला आणि इथलं राष्ट्रगीत लागलं. तिला ते येत नव्हतं, ती ओठ मिटून उभी होती. मला येतं. शाळेत रोज सकाळी आधी ते व्हायचं आणि मग आपलं. मी रिकामी टोपली धरून ते शेवटपर्यंत म्हटलं. मजीद सर बाजूला होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली बुटांकडे. डिसेंबरात नाशिकच्या मैदानावर मी आपलंही असंच म्हटलं होतं, तुझ्या शेजारी उभी राहून.

मी धावणं सोडलं आहे. आई रडली. या सुट्टीत मी येणार नाही. तुझी शिट्टी सागरकाकांबरोबर परत पाठवते आहे.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायचं, हे तू शिकवलं होतंस. या वेळी ते लिहवत नाही.
ओवी