नमुन्यावरची कसोटी

४ ऑक्टोबर

अडीच महिने या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. वहीची माफी मागणं वेडेपणाचं आहे, कळतं मला. पण वीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोंदवही सांभाळली. एखादा दिवस कोरा राहिला तर घास गोड लागायचा नाही. प्रयोगशाळा बंद झाली म्हणून ती सवय सुटत नाही. मधल्या काळात सामान बांधलं, खोली सोडली, आणि आता डोंगराखालच्या या छोट्या गावात ताईकडे आले आहे. कायमची.

आनंदात आहे. वर घर, खाली भावोजींचं दुकान. डोंगरात जाणाऱ्यांसाठी चाकू, टॉर्च, दोर, शिट्ट्या, सॅक. आजपासून मी काउंटरवर. भावोजी म्हणाले, की मेव्हणीला पगार द्यायचा की नुसता चहा, ते ताईनं ठरवावं. ताई आतून ओरडली, की चहाही तिनंच करायचा. माझ्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. सकाळी उठले तेव्हा अख्खा डोंगर पांघरुणावर येऊन बसल्यासारखा वाटला.

७ ऑक्टोबर

तीन दिवस माझी शिकवणी चालू आहे. लोक येतात ते मोठ्या चाकूवर भाळून. हातभर पातं, पाठीला दाते, मुठीत होकायंत्र. भावोजी अशा गिऱ्हाइकाला विचारतात, की वाघ मारायचाय की सफरचंद कापायचंय. बहुतेक जण हसून लहान चाकू घेतात. काल एक जण रुसून निघून गेला.

मी शिकले ते असं. पातं आपल्या चार बोटांच्या रुंदीएवढं पुरे. उघडल्यावर खटका बसलाच पाहिजे, नाहीतर जोर लावताना पातं आपल्याच बोटांवर मिटतं. न गंजणारं पोलाद ओल्या हवेत बरं. साधं पोलाद धारेला बरं, पण रोज पुसायचा कंटाळा नसेल त्यालाच ते द्यावं. आणि वस्तू अंगावर हवी. सॅकच्या तळाशी ठेवलेला चाकू म्हणजे घरी राहिलेला चाकू.

या दुकानाची एक रीत आहे, ती मला फार आवडली. घडीचा चाकू घ्यायचा तर गिऱ्हाइकानं उजवा हात पाठीमागे धरायचा आणि एकट्या डाव्या हातानं चाकू उघडून दोरीचा तुकडा कापायचा. तीनदा. नाही जमलं तर विक्री नाही. संकटात माणसाचा चांगला हात आधी अडकतो, असं भावोजींचं म्हणणं. आणि ही कसोटी जो नग घरी जाणार त्याच नगावर घ्यायची, डबी फोडून. काउंटरवरच्या नमुन्यावर नाही. नमुना शेकडो हातांत उघडून सैल झालेला असतो, नवा नग आवळ असतो. नव्याचा स्क्रू किंचित ढिला करायचा, तेलाचा एक थेंब, पन्नास वेळा उघडझाप, आणि मग कसोटी.

मी हे स्वच्छ अक्षरात लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलं. भावोजी म्हणाले, प्रोफेसरबाईंनी माझ्या दुकानाचीही प्रयोगशाळा केली.

१८ ऑक्टोबर

शनिवार, त्यामुळे गर्दी. भावोजी मागे दोर मोजत होते. एक शिक्षिका आल्या, भूगोल शिकवणाऱ्या, साधारण माझ्याच वयाच्या. नखांना फिकट गुलाबी रंग, अर्धा उडालेला. वर्गातल्या मुलींनी मधल्या सुट्टीत लावून दिला, पुसायला मन होत नाही, म्हणाल्या. उद्या त्या एकट्याच वरच्या खिंडीपर्यंत जाणार होत्या. आजवर कायम कुणाच्या तरी मागोमाग गेल्या होत्या.

मी पोलादापासून खटक्यापर्यंत सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, की तुम्ही शिकवायलाच हवं होतं. कबूल करते, मला ते फार गोड लागलं. त्यांनी लाकडी मुठीचा घडीचा चाकू पसंत केला, पात्याला नखानं ओढायची खाच असलेला. मी कसोटी घेतली. तीनही वेळा झकास.

पण नमुन्यावर घेतली. नवा नग तयार करायचा तर पंधरा मिनिटं जातात, आणि त्यांची बस पाच मिनिटांवर होती. त्याच म्हणाल्या, की सील राहू दे, नव्या वस्तूचं सील स्वतः फोडायची मजा वेगळी. मी सीलबंद डबी हातात दिली. त्या पळत गेल्या आणि दारातून हात केला.

हे बरोबर झालं नाही. भावोजींना सांगायला हवं. उद्या सांगेन.

२२ ऑक्टोबर

सांगितलं नव्हतं. रविवारी पाहुणे होते, सोमवारी माल आला. कारणं कशी रांगेत उभी असतात.

आज बचाव पथकातला एक जण टॉर्चचे सेल घ्यायला आला. त्यानं सांगितलं. खिंडीच्या अलीकडे शिक्षिकेचा पाय घसरला. सॅकचा पट्टा एका जुन्या लोखंडी खुंट्यात अडकला, उजवा हात त्या पट्ट्यात पिळून गच्च बसला, आणि त्या तशाच लटकत राहिल्या. दोन दिवस. पायांखाली पुरुषभर अंतरावर बैलगाडी उभी राहील एवढी सपाट जागा होती. एक पट्टा कापायचा, उडी मारायची, बस.

पथक पोचलं तेव्हा त्या गेल्या होत्या. चाकू डाव्या मुठीत होता. मिटलेला.

भावोजींनी माझ्याकडे वळून विचारलं, की त्यांची कसोटी घेतली होतीस ना. मी म्हटलं, घेतली होती, तीनदा. शब्द न् शब्द खरा. प्रयोगशाळेत मुलं असं करायची. आकडे खरे असायचे, पण घेतलेले दुसऱ्याच नळीवरून. मी त्यांना शून्य द्यायची.

२६ ऑक्टोबर

शिक्षिकेचा धाकटा भाऊ आला होता. इथून दोन गल्ल्या सोडून त्याचं बॅगा शिवायचं दुकान आहे. आपल्या दुकानातल्या फाटक्या सॅकही तोच शिवतो. मोठा गप्पिष्ट, असं ताई सांगायची. आज खुर्चीच्या कडेवर बसून होता.

त्याला भावोजींना एकच विचारायचं होतं. बहीण एकटी जाणार म्हणून त्यानं आदल्या रात्री तिच्या सॅकच्या पट्ट्याला दुहेरी दोऱ्यानं नवी शिवण घातली होती. जुनी शिवण तशीच ठेवली असती, तर तिच्या वजनानं तुटली असती का? तुटली असती, तर ती खाली सपाट जागेवर पडून वाचली असती का? भावोजींनी त्याला परोपरीनं समजावलं. तो मान डोलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, की म्हणजे माझ्याच शिवणीनं तिला धरून ठेवलं.

मी तीन फुटांवर उभी होते. सगळं अगदी ओठांपर्यंत आलं. मी आत जाऊन त्याच्यासाठी पाणी आणलं.

पाणी!

२९ ऑक्टोबर

आज भर दुपारी दुकानात मी एकटी होते. काचेच्या कपाटातून आवाज आला. टिक्. खाचेतून नख निसटलं की होतो तो. हा आवाज आता मी झोपेतही ओळखीन. थोडं थांबून पुन्हा, टिक्. मग बराच वेळ काही नाही, जणू कुणी दम घेत असावं. मग तिसऱ्यांदा.

कपाट उघडलं. सगळे चाकू ओळीत मिटलेले.

लाकूड उन्हानं तडकतं. तसंच असेल. मी प्रयोगशाळेतली बाई आहे.

१ नोव्हेंबर

नमुना उघडेना. तोच, शेकडो हातांत सैल झालेला. डाव्या हातानं नाही, दोन्ही हातांनीही नाही. अंगठ्याचं नख मुळापासून तुटलं. तेवढ्यात पोस्टमन आला. त्यानं पत्रं ठेवता ठेवता सहज एका अंगठ्यानं उघडून दाखवला. भावोजी म्हणाले, मेव्हणीबाई, चहा प्या, जोर येईल. ताई म्हणाली, लोकांची चाळिशी डोळ्यांत येते, हिची हातात आली. सगळे हसले. मीही हसले.

सांगायची तीच वेळ होती. हसणं थांबल्यावर लगेच. थांबलं, आणि मी पत्रं लावायला घेतली.

३ नोव्हेंबर

उजव्या दंडावर निळा वळ. दोन बोटं रुंद, कडा सरळ, मध्ये शिवणीसारखे बारीक ठिपके. दुहेरी.

मी सॅक वापरत नाही. ताईला दाखवला नाही. कशानं झाला विचारील, आणि मग—

५ नोव्हेंबर

ताई आणि भावोजी माल आणायला शहरात गेले. पाच दिवसांनी येतील. जाताना ताई म्हणाली, की छोटे, तोंड एवढंसं का झालंय, दुकान खाणार नाही तुला.

दुपारभर टिक् टिक् टिक्. आता दम न घेता. आवाज कपाटातून नव्हता, मागच्या फळीवरून होता. तिथं त्याच लाकडी मुठीच्या सीलबंद डब्या आहेत. नऊ.

मी एकेक सील फोडलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहितेय. कारखान्यातून कोरी आलेली पाती. प्रत्येकाच्या खाचेभोवती पांढरे ओरखडे. बारीक, एकावर एक, शेकडो.

नवव्या डबीत नखाचा तुकडा होता. फिकट गुलाबी. अर्धा रंग उडालेला.

६ नोव्हेंबर

दुकान उघडलं नाही. शेजारीण खिडकीतून सांगून गेली, की बॅगा शिवणाऱ्याचं डोकं फिरलंय. दुरुस्तीला आलेल्या बॅगांच्या शिवणी उसवत बसलाय. लोकांच्या बॅगा रस्त्यात सुटताहेत, पुस्तकं, डबे, सगळं रस्ताभर. ती हसत होती.

माझ्यामुळे. त्याच्या हातातली कला माझ्यामुळे—

आणि मी अजून वाक्य जुळवतेय. आधी सील म्हणू की आधी बस?

८ नोव्हेंबर

बॅगा शिवणाऱ्याकडे गेले. सांगितलं. सगळं. नमुना, डबी, बस, त्यांनी केलेलं कौतुक, तेसुद्धा.

त्यानं ऐकून घेतलं. मग खणातून बहिणीचा चाकू काढला. पोलिसांनी परत दिलेला. उजवा हात पाठीमागे घेतला आणि डाव्या अंगठ्यानं उघडला. लोण्यासारखा. मिटला, उघडला. तीनदा.

म्हणाला, चाकूत काही दोष नाही ताई. तुम्ही चांगल्या आहात, माझं ओझं हलकं करायला बोलताय.

मी चाकू मागितला. माझ्या हातात तो दगड. खाचेत नख घातलं, निसटलं. टिक्. पुन्हा. टिक्. म्हटलं, बघा, बघा ना, नाही उघडत. त्यानं माझी बोटं हळूच सोडवली. रक्त आलं होतं. त्यानं पुसलं. त्यानं!

त्याचं शिलाई मशीन जागेवर नव्हतं. शेजाऱ्याला देऊन टाकलं म्हणाला, आता काय करायचंय. परवा सकाळी तीच सॅक पाठीला लावून खिंडीत जाणार. त्याच खुंट्याला लटकून बघणार, शिवण किती वेळ धरते. सोबत कुणी नको. चाकूही नको.

मी म्हटलं, जाऊ नका. तो म्हणाला, की तुम्हाला काय कळणार, तुमच्या हातून कुठं काय झालंय.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ

उजवा हात उठत नाही. खांद्यापासून गच्च. कुणीतरी धरलाय असा नाही— टांगलाय असा. अक्षर वेडंवाकडं येतंय, डाव्यानं लिहितेय. भावोजींना फोन लावला, लागत नाही. बचाव पथकाला सांगितलं. ते म्हणाले, डोंगर सगळ्यांचा आहे बाई, कुणाला चढू नको कसं म्हणणार.

तो पहाटे निघेल. माझं खरं मानायला त्याला पुरावा हवा. पुरावा म्हणजे नवा, न उघडलेला नग. त्याच जागी. त्याच्या डोळ्यांसमोर.

फळीवर आता दहावी डबी आहे. मी नऊच मोजल्या होत्या. सील शाबूत.

आतून आवाज नाही. वाट बघितल्यासारखी गप्प.

हे प्रायश्चित्त आहे की पुन्हा तेच, कुणीतरी चांगलं म्हणावं म्हणून— नाही ठरवता येत. वेळही नाही.

उद्या: त्याच्या आधी खिंडीत पोचायचं, दुकानातल्या सॅकचा पट्टा त्याच खुंट्याला अडकवून स्वतः लटकायचं, तो आला की सील फोडून डाव्या हातानं त्याला दाख—