सहावा रकाना

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ईमेल असला तरी मायना पाहिजे हा तुझा हट्ट पाळला आहे, तेव्हा पुढचं नीट वाच. बाबांचा गुडघा आता बरा आहे. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलं, तर ते रोज गच्चीवर जाऊन गुडघा बरा झालाय का ते तपासून येतात.

आता कामाचं. आमच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये बिघाड शोधायची, डीबगिंगची जी जुनी खिडकी आहे, म्हणजे कुठला प्रोग्रॅम कुणासाठी अडून बसलाय ते जिथे रकान्यांत दिसतं, ती उघडली की आतलं सगळं काम क्षणभर थांबतं. आजारी माणसाला तपासायचं म्हणून त्याला श्वास रोखायला लावावा, तसा प्रकार. दोन वर्षं खपून मी नवी खिडकी केली आहे. तिच्यातून पाहिलं तरी आत काही थांबत नाही. आमचे मुख्य, ज्यांना आम्ही पाठीमागे मुकादम म्हणतो, त्यांची एकच अट आहे: जुन्या खिडकीवर चालणारं एकही साधन मोडता कामा नये. महिनाअखेरपर्यंत हे दाखवलं नाही तर काम बासनात आणि मी दुसऱ्या गटात.

जाता जाता मी जुन्या खिडकीतला सहावा रकाना काढून टाकलाय. त्यात कायम शून्यच असायचं. पंपघरासाठी तू लिहिलेला प्रोग्रॅम याच खिडकीतून वाचतो ना? तुझ्याकडच्या जादा मशीनवर एकदा चालवून बघ.

कळावे, आणि लवकर कळवावे.
तुझी,
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

दादाला म्हणावं, गुडघा तुझा आहे, गच्ची कुठे पळून जात नाही.

तुझी सिस्टीम जादा मशीनवर बसवली. माझ्या प्रोग्रॅमने छातीठोकपणे सांगितलं की मोठा पंप स्वतःचीच वाट पाहत थांबलाय. मी हसले, मग कारण शोधलं. तो रकाने मोजून वाचतो. तू सहावा काढलास, पुढचे सगळे एकेक जागा सरकले, आणि याने आठवा सातवा समजून वाचला.

आमच्याकडे काय होतं ते तुला माहीत असू दे. पंपाचा कॉम्प्युटर अधूनमधून अडतो. तेव्हा नेमका अडवणारा प्रोग्रॅम बंद करायचा असतो. चुकीचा बंद केला तर पंप बसतो आणि वरच्या वस्तीचं पाणी जातं. तिथे दवाखाना आहे. कुठला बंद करायचा, ते माझा प्रोग्रॅम सांगतो. मोडला असता तर एक वेळ चाललं असतं, हा ठासून खोटं बोलतोय.

जेवणाकडे लक्ष दे.
आत्या

१० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अगं, तुझ्या प्रोग्रॅममधली एक ओळ बदलायची आहे. मी पाच मिनिटांत करून देते. रकाने मोजत वाचणं हे मुळातच कच्चं काम आहे, हे तुलाही पटेल. इथे सगळे म्हणतात की शून्यासाठी कोण अडून बसतं. मला उशीर होतोय आणि मला भीती वाटतेय, म्हणून जरा तुटक लिहिते आहे, राग मानू नकोस.

तुझी,
भिंगरी

१३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

राग नाही. काम कच्चं आहे हेही मान्य. पण ती ओळ कुठे कुठे बदलशील? हा प्रोग्रॅम मी मागेल त्याला दिला. कुणी दुसऱ्या पंपघरात नेला, कुणी वीजकेंद्रात, आणि त्यांनी पुढे आणखी कुणाला दिला असेल. त्यातले निम्मे निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्यांना हे कुणी लिहिलं तेही ठाऊक नसणार. मी माझा बदलला तर तुझी परीक्षा पास होईल, आणि त्यांचा पंप बसेल.

म्हणून मी बदलणार नाही. पण तू माघार घेतलीस तर मात्र मी खरंच रागावेन. मागच्या वर्षी मी अडलेलं काय ते पाहायला गेले आणि माझ्या पाहण्यानेच पंपाला उचकी लागली. तुझी नवी खिडकी आम्हाला हवी आहे. डोकं शांत ठेव आणि दोन्ही कर.

आत्या

२४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर धुसफुसले, मग कामाला लागले. नव्या खिडकीला आता स्वतंत्र जागा दिली आहे. तिच्यात प्रत्येक माहितीपुढे तिचं नाव असतं, म्हणजे उद्या भर पडली तरी कुणाला मोजत बसायला नको. जुनी खिडकी जिथे होती तिथेच आहे, आतली यंत्रणा तेवढी नवी. शून्यही जागेवर परत आलं.

तरीही तुझा प्रोग्रॅम लटकला. शोधलं तर तो यादी संपल्याची खूण म्हणून शेवटी येणाऱ्या रिकाम्या ओळीची वाट पाहत होता, आणि ती माझ्याकडून गळली होती. मुकादम म्हणाले, रिकामी ओळ देऊ असं आपण कुठेही लिहून दिलेलं नाही, तेव्हा ती सोडून दे. मी भर बैठकीत म्हटलं की लोक ज्यावर विसंबले ते आपण दिलंच आहे, लिहिलेलं असो वा नसो. आवाज जरा चढला. ते म्हणाले, मग तूच निस्तर, तारीख बदलणार नाही.

निस्तरतेय. ज्यांच्या ज्यांच्याकडे जुनी साधनं आहेत त्यांना ती पाठवायला सांगितलं. ढिगाने आली. एकाच्या लेखकाला जाऊन बरीच वर्षं झाली, त्याच्या मुलीने पाठवलं. आता मी एक अक्षर बदललं तरी ती सगळी आधी चालवते, आणि एक जरी कुरकुरलं तरी बदल मागे घेते. आज सगळी चालली. मुकादमांनी सही केली.

आता मागायला धीर होत नाही, पण मागते. खऱ्या मशीनवर बसवशील?

तुझी,
भिंगरी

५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सोमवारी बसवली. बसवल्याचं कुणाला सांगितलं नाही. नवी सिस्टीम येणार आहे, डोळ्यात तेल घालून राहा, एवढंच सगळ्यांना आधीपासून बजावून ठेवलं होतं. माझाच जीव थाऱ्यावर नव्हता.

काल दुपारी कॉम्प्युटर अडला. पाळीवरच्या चालकाने नेहमीसारखा माझा प्रोग्रॅम चालवला, प्रोग्रॅमने अडवणाऱ्याचं नाव सांगितलं, चालकाने तो बंद केला आणि चहा प्यायला गेला. पंप चालूच राहिला. पाहताना या वेळी उचकीही लागली नाही. वरच्या वस्तीत पाणी होतं, दवाखान्यात पाणी होतं.

मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले. चालक परत आला आणि म्हणाला की ती नवी सिस्टीम नक्की कधी येणार ते सांगा, मला रजा टाकायची आहे, त्या दिवशी मी इथे नको. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी त्याला म्हटलं, तू बिनधास्त रजा टाक.

आत्या