हिरवी पाटी

सोमवार, ३
मिळाली एकदाची खोली! वरचा मजला, खिडकी बागेकडे, दाराला भक्कम कुलूप. किल्ली तुझी तुझ्यापाशी ठेव, असं काकू म्हणाल्या. घरमालक काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी स्वतः माझा फोन वाय-फायला जोडून दिला. लेक लग्न होऊन गेल्यापासून एकदाही आलेली नाही, खोली ओस पडली होती म्हणाले. मला आनंद झाला असावा. तो कसा असतो ते नीटसं आठवत नाही.

बुधवार, ५
चष्म्याच्या दुकानात काम मिळालं. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावते.
सकाळी उठल्या उठल्या नवऱ्याच्या दुकानाची साइट उघडते. तो घड्याळं दुरुस्त करतो. शटर वर गेलं की साइटवर हिरवी पाटी लागते, 'दुकान उघडं आहे'. म्हणजे तो तिथे आणि मी इथे. मग चहा घशाखाली उतरतो. पुन्हा पळालीस तर जिवंत ठेवणार नाही, असं तो अगदी शांतपणे म्हणाला होता. तो बोलतो ते करतो. आईलाही पत्ता दिलेला नाही. साइटसुद्धा खाजगी विंडोतूनच बघते. दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकून पिते.

रविवार, ९
काल मनगटाच्या व्यायामाची साइट बघितली. आज दाराशी मलमाची ट्यूब. काकू म्हणाल्या, सहज आणली गं. मनगटाबद्दल मी कुणाला बोलले नव्हते.

मंगळवार, ११
जेवताना काकांनी कौतुकाने समजावलं. खाजगी विंडो फोनापुरती. कोण कुठल्या साइटवर गेलं ते वाय-फायच्या डब्याला सगळं कळतं. संध्याकाळी काका पेपर वाचावा तसं ते वाचतात. लेकीचंही वाचायचे, तिचं लग्न त्यावरूनच जुळवलं. या घरात लपवाछपवी नाही, असं म्हणून काकूंनी मला आणखी वाढलं. मी खात राहिले. चव लागत नव्हती.

गुरुवार, १३
वाय-फाय बंद केलं, स्वतःच्या डेटावर साइट उघडली. लाल पाटी. 'आज बंद'.
तो गुरुवारी कधी बंद ठेवत नाही.
खाली चार ताटं मांडलेली. कोण येणार विचारलं. काकू लाजल्यासारख्या हसल्या. म्हणाल्या, रोज सकाळी उठून ज्याची आठवण काढतेस, तोच. भांड्याला भांडं लागायचंच. काकांनी साइटवरचा नंबर फिरवला होता. जावई फार गोड बोलतात म्हणे. पत्ता लगेच लिहून घेतला —
सांगितलं. मारतो तो मला, मारून टाकेल. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, मग रोज त्याच्याच साइटवर कशाला जातेस, पोरी?

दुपार
पोलिसांना फोन केला. निघालेत म्हणे. पिशवी भरली, पण जिना एकच, आणि —
बेल.
त्याचा आवाज. शांत.
दार लावलंय. किल्ली माझ्या हातात आहे. हात माझा वाटतच नाही.
काकू जिन्यावर. त्याला सांगताहेत, रुसलीय हो, पण दुसरी किल्ली आहे आमच्याकडे, या घरात लपवाछप—