दमयंतीवहिनींची खुर्ची

२३ सप्टेंबर १९७९, तळवली

क्षमा असावी. शालान्त परीक्षेत केंद्रात पहिली आले म्हणून रोजनिशी लिहिण्याची पात्रता अंगी आली, असे मी मुळीच समजत नाही. परंतु आज जे पाहिले ते कोणाला सांगण्याचे धैर्य नाही, आणि न सांगता राहवतही नाही.

आमच्या शेतकी सोसायटीच्या अध्यक्षपदी प्रथमच एक स्त्री आली आहे — शेजारच्या दमयंतीवहिनी. आज त्यांची पहिली सभा. पहिल्या रांगेत त्यांचे सासरे, कार्यकारी मंडळातले जानूबाबा. सासऱ्यांसमोर सून खुर्चीवर बसत नाही, ही गावाची रीत. वहिनींनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि उभ्यानेच सभा सुरू केली!

खाडीचा बांध खचला आहे. पुनवेच्या उधाणापूर्वी तो भरला नाही, तर खारे पाणी उभ्या भातात शिरेल. घरटी श्रमाचे दिवस ठरले. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आजवर बाईचा दिवस अर्धा धरला. यंदा पुरा धरायचा. चिखल काय बाईला हलका लागतो?"

दिनानाथमामा ताडकन उठले. "अध्यक्ष खुर्चीतच नाय, मग सभा कसली? ठराव रद्द!"

"वहिनी, बसा नायतर घरी जा!" मागून कोणीतरी. हशा. सभा मोडली.

दिनानाथमामा माझ्या आईचे भाऊ. बाबा गेल्यापासून आमचे घर तेच पाहतात. मी मान वर केली नाही.

२४ सप्टेंबर

अठरा पुरी झाल्यावर सोसायटीतला बाबांचा भाग माझ्या नावे झाल्याने मीही सभासद आहे. वहिनींना बसता येत नाही. मला उठता येत नाही — आणि मला तर कोणतीच रीत आडवी येत नाही!

२६ सप्टेंबर

वहिनींकडे गेले होते. त्या पडवीत बोंबील साफ करीत होत्या.

"खुर्चीचा काय गो, लाकूडच ता! बांध फुटला तर पोरांना काय घालू?"

मी धीर करून सुचवले, की जानूबाबांनाच सभेला येऊ नका म्हणावे.

"वा! त्यांचा हक हाय. मना बसाला मिलावा म्हनून म्हाताऱ्याला उठवू?"

ओटीवर जानूबाबा जाळे विणत होते. आमचे बोलणे ऐकून त्यांचा हात थांबला.

२८ सप्टेंबर

आजचा दिवस मी जन्मभर विसरणार नाही!

सभा पुन्हा बोलावली होती. वहिनी आल्या, खुर्चीजवळ उभ्या राहिल्या. मामा हसले. इतक्यात जानूबाबा उठले, स्वतःची खुर्ची उचलली, उलटी फिरवली, आणि दाराकडे तोंड करून बसले.

"जानूबाबा, सभा मागं हाय!" कोणीतरी ओरडले.

"माजे कान दोनी बाजूंना हायत. आता सून माज्या डोल्यांसमोर नाय. बस गो पोरी. पाय दुखले असतील तुजे."

वहिनींनी पदर सावरला. बसल्या. चुलत सासरे शिवाकाकांनीही निमूटपणे आपली खुर्ची फिरवली.

"ही सभा हाय का न्हाव्याचा दुकान?" मामा ओरडले. सगळे हसले, पण या वेळी वहिनींना नव्हे.

"दिनानाथभाऊ, आता मी खुर्चीत हाय," वहिनी म्हणाल्या. "बोला, काय म्हनता?"

मामा खाली बसले. ठराव मंजूर झाला. बाईचा दिवस — पुरा!

५ ऑक्टोबर

पुनवेचे उधाण येऊन गेले. बांध राहिला. माझ्या नखांतला चिखल अजून निघत नाही, आणि तो काढावासाही वाटत नाही.

७ ऑक्टोबर

जानूबाबांनी कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. "मान अवघडली. किती दिवस दार बघू? सुनेला नीट बसू दे." वहिनींच्या डोळ्यांत पाणी होते. मग जानूबाबा माझ्याकडे वळले. "आनि तू गो? तुजा तर सासरा बी नाय समोर. मंग तू का गप?"

एवढी पुस्तके वाचली, एकाही वाक्याने साथ दिली नाही.

जेवताना मामा आईला सांगत होते, "ती जागा आता मीच घेतो. बिनविरोध. समोर उभं राहायची कोनाची छाती हाय?" मग मला म्हणाले, "पोरी, तुझं अक्षर चांगलं. माझा उमेदवारीचा अर्ज तूच लिहून दे." आईने त्यांना आणखी भात वाढला.

८ ऑक्टोबर

मामांचा अर्ज लिहिला. एकही खाडाखोड नाही. मग दुसरा कोरा कागद पुढे ओढला.

९ ऑक्टोबर

पहिला अर्ज मामांच्या हाती दिला. त्याच जागेसाठीचा दुसरा, माझ्या स्वतःच्या नावाचा, वाशीच्या टपाल कचेरीतून ठाण्याच्या निवडणूक अधिकाऱ्यांकडे रजिस्टरने पाठवला — मंगळवार, ९ ऑक्टोबर १९७९, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी.